सोसायटीत कुत्र्यांसाठी नियम करायचेत. मसुदा वाचा आणि बोला

नाइलाजाने सेक्रेटरी

मंडळी, पुण्यात आमची चार विंगांची सोसायटी आहे. यंदा मी सेक्रेटरी. म्हणजे सभेत कोणीच हात वर करेना तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, एवढंच.

आधीच्या कमिटीने लिफ्टच्या दारावर एक कागद चिकटवून ठेवला होता : ‘लिफ्टमध्ये पाळीव कुत्री आणण्यास सक्त मनाई. उल्लंघन केल्यास ५००० रु. दंड.’ नवव्या मजल्यावर एक म्हातारी लॅब्रडॉर आहे, तिचे मागचे पाय गेलेत. तिने जिन्याने कसं उतरायचं हे त्या कागदावर नव्हतं. मग तिच्या मालकांची वकिलाची नोटीस आली, कागद निघाला आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन तट पडले. आता पुढच्या महिन्यात विशेष सभा आहे आणि मसुदा मी लिहायचाय, म्हणून इथे फोरमवर टाकतोय.

मी असं लिहिलंय. फ्लॅटच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की पट्टा हवाच, कुत्रं पावलाएवढं असो नाहीतर वासराएवढं. लिफ्ट सगळ्यांना खुली, पण आत आधीपासून कोणी असेल आणि ‘थांबा’ म्हणाला तर कुत्रेवाल्याने पुढच्या खेपेला जायचं. शी ज्याच्या कुत्र्याची त्याने उचलायची. रेबीजच्या लसीची नोंद आणि महापालिकेचा परवाना दर वर्षी ऑफिसात दाखवायचा. आणि शेवटचं, ज्यावरून ग्रुपवर आग लागलीय : डी विंगच्या मागे, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे एक पट्टी रिकामी पडून आहे. तिला जाळी मारायची आणि सकाळी आठपर्यंत व रात्री साडेनऊनंतर तिथे कुत्री मोकळी सोडू द्यायची.

थूथनजाळीची (कुत्र्याच्या तोंडावर बांधायच्या जाळीची) सक्ती, जातींवर बंदी आणि कुत्रेवाल्यांकडून जास्तीचा मेंटेनन्स, या तीन मागण्या मी मसुद्यात घेतलेल्या नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की पट्टा सक्तीचा करायचा हक्क सोसायटीला आहे, पण मग पट्टा सोडायला जागाही तिनेच द्यायला हवी. नुसतंच ‘बांधा’ म्हणणं मला पटत नाही. बोला.

नाक्यावरचा

साहेब, पहिले चार मुद्दे मान्य. पाचव्यावर कडकडीत विरोध. मुलांना क्रिकेट खेळायला जागा नाही, बॉल गाडीला लागला की सेक्रेटरीच खाली येऊन ओरडतात आणि कुत्र्यांना राखीव कुरण? मेंटेनन्स सगळे भरतात ना?

गोदाकाठची मैना

@नाक्यावरचा, मेंटेनन्स आम्हीही भरतो हो. शिवाय स्विमिंग पूल वापरत नाही, जिम वापरत नाही, पार्टी हॉल तर कधी बघितलाही नाही. तिथे ‘सगळ्यांच्या पैशातून’ कोणाला आठवत नाही.

(आमच्याकडे एक गावठी आहे, नाशिकच्या रस्त्यावरून उचलून आणलेली. शेजारच्या काकू तिला अजून ‘ते भटकं’च म्हणतात. त्यांच्या घरचा शित्झू मात्र ‘बेबी’.)

जास्वंद

आमच्याकडे चावण्याचं प्रकरण नाही, तरी लिहिते.

आई शहात्तर वर्षांची. खालच्या बाकावरून उठून पार्किंगमधून येत होती. समोरून एक गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा आला, शेपूट हलवत, अगदी लाडात, आणि पुढचे दोन्ही पाय तिच्या छातीवर टेकले. मागून मालक म्हणतायत, ‘काही करत नाही हो तो!’ खरंच काही केलं नाही त्याने. आई मागच्या मागे पेव्हर ब्लॉकवर बसली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. त्या गृहस्थांनी फळं आणून दिली, मनापासून माफी मागितली, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण आई आता खाली उतरत नाही. तिची बाकावरची बैठक मोडली ती मोडलीच.

नियमांची भाषा नेहमी ‘चावणे’ याच शब्दापाशी येऊन थांबते. धडकणं, अंगावर उडी, सायकलच्या मागे धावणं, हे कुठे लिहिणार?

नाइलाजाने सेक्रेटरी

ताई, वाचून वाईट वाटलं. एक विचारतो : पट्टा होता का?

जास्वंद

होता ना. म्हणून तर लिहिलं. तो गुंडाळीवाला, बटण दाबलं की सुटत जातो तसला. मालक एका खांबापाशी, कुत्रा दुसऱ्या खांबापलीकडे.

शेपटीचे डॉक्टर

प्राण्यांचा डॉक्टर आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खायची सवय आहे.

जास्वंदताईंचा मुद्दा मसुद्यात आलाच पाहिजे. नुसता ‘पट्टा’ लिहून भागत नाही, लांबी लिहा. सामायिक जागेत चार ते सहा फूट, त्याहून जास्त नाही. गुंडाळीचा पट्टा मोकळ्या मैदानासाठी ठीक आहे. पार्किंग, जिना, लिफ्ट इथे तो पट्टाच नव्हे. लिफ्टमध्ये तर कुत्र्याच्याच जिवाला धोका असतो. कुत्रं आत, मालक बाहेर, दार मिटलं, लिफ्ट वर निघाली, आणि दोर गळ्याला. लिफ्टपाशी आल्यावर पट्टा मुठीत गोळा करून कुत्रं पायाशी घ्यायचं, मग बटण दाबायचं.

थूथनजाळीची सक्ती टाळलीत ते बरं केलंत. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजातून. अंग गार करायला त्याला जीभ बाहेर काढून धापाच टाकाव्या लागतात. एप्रिलमध्ये दुपारी तोंड घट्ट बांधून त्याला फिरवायला लावलंत तर माझा धंदा वाढेल. ज्या कुत्र्याचा चावायचा इतिहास आहे त्याला सैल, टोपलीसारखी जाळी घालायला सांगा, तेही त्याच्या डॉक्टरला विचारून.

लसीबद्दल : पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग वर्षाला बूस्टर. मुंबई-कोकणाकडच्यांनी लेप्टोची लसही चुकवू नये, पावसात तो आजार मुतातून पसरतो आणि माणसालाही होतो. कोणाला चावा किंवा ओरखडा गेलाच तर भांडण नंतर. आधी साबण लावून नळाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. ‘घरचंच कुत्रं आहे, लस झालीय’ म्हणून आपलं आपण ठरवून मोकळं होऊ नका, ते डॉक्टरला ठरवू द्या.

आगाऊ कार्टा

डॉक, ते सगळं बरोबर, पण रॉटवायलर आणि पग यांना एकच नियम? पग चावला तर डेटॉल लावतो, रॉटवायलर चावला तर वारसदार शोधावे लागतात. दिवे घ्या, गंमत केली.

काळा कोट

सावकाश लिहितो, कारण या विषयावर ग्रुपवर फिरणारे निम्मे फॉरवर्ड चुकीचे असतात.

केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव केला तरी किंवा उपविधी बदलले तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आकार किंवा भुंकणं हे कारण चालत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टचे वेगळे पैसेही लावता येत नाहीत, असं त्यात आहे. या सूचना म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे, हेही खरं. पण केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असा बंदीचा नियम बेकायदाच ठरवला. तेव्हा ‘आमच्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत’ ही पाटी कोर्टात टिकणं कठीण.

दुसरी बाजू. मालकाच्या निष्काळजीपणाने प्राण्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा व्हायची शक्यता असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (जुन्या दंडविधानाचं २८९. तिथे दंड हजार रुपयेच होता.) ‘कागदावरचं कलम’ म्हणून हसू नका. वरळीतल्या एका इमारतीत फेब्रुवारी २०१८ मध्ये एक जण दीड वर्षाच्या मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होता. शेजारी हस्की घेऊन आला. मूल कुत्र्यांना घाबरतं, थांबा, असं सांगूनही तो कुत्र्याला ओढत आत घेऊन आला आणि कुत्रा त्या बापाच्या हाताला चावला. मे २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. सीसीटीव्हीत तो कुत्र्यालाही कसा ओढतोय ते दिसत होतं, आणि न्यायाधीशांनी तेही नोंदवलं.

म्हणून धागाकर्त्यांचं ‘थांबा म्हटलं तर थांबायचं’ हे कलम सगळ्या मसुद्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं. ते जसंच्या तसं ठेवा.

@आगाऊ, जातीचं म्हणाल तर मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घालायला सांगणारं पत्र राज्यांना पाठवलं होतं, रॉटवायलर त्यात होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जिथे केंद्राची यादी अडकली तिथे चार विंगांच्या सोसायटीने स्वतःची यादी करू नये.

आणि पाचव्या मुद्द्यावर : प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा काढून कलम ११ वाचा. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणं, हा त्या कलमात गुन्हाच आहे. म्हणजे कायदा एकीकडे मालकाला म्हणतो त्याला हिंडवा, आणि सोसायटी म्हणते आमच्या आवारात नको. मधल्यामध्ये कुत्रं. (पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये.)

नाक्यावरचा

वकीलसाहेब, माहितीबद्दल आभार. पण मालकाने हिंडवावं असं कायदा म्हणतो, सोसायटीने मैदान द्यावं असं म्हणत नाही. टेकडीवर न्या की. पाच वाजता उठा, गाडीत घाला, न्या. हौस तुमची.

गोदाकाठची मैना

नेते मी. रस्त्यावर माझी पट्ट्यात आणि कोपऱ्यावरची पाच मोकळी. ती अंगावर आली की माझी पळू शकत नाही आणि मी सोडू शकत नाही. आता मी तिला उचलून घेते, बावीस किलोची आहे. पट्ट्याच्या नियमावर व्याख्यान देणाऱ्याने एकदा तो पट्टा हातात धरून आमच्या चौकातून जाऊन दाखवावं.

मी भटक्यांच्या विरोधात नाही, दोघींची नसबंदी मी स्वतः संस्थेला सांगून करून घेतलीय. पण ‘बाहेर न्या’ म्हणणं सोपं आहे.

काळा कोट

ताई, त्यावरही नियम आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्यांना खायला घालायची जागा ठरवण्याची जबाबदारी सोसायटीवर टाकलीय, आणि ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी असंही सांगितलंय. तुमच्या चौकातली पाच जण गेटवरच जमतात ना? कारण कोणीतरी रोज तिथेच पोळ्या टाकतं.

सिंगापूरचा बंड्या

इथलं सांगतो म्हणजे तुम्हाला तुमची कमिटी बरी वाटेल. सरकारी फ्लॅट म्हणजे एचडीबी, बहुतेक लोक त्यातच राहतात. एका घरात एकच कुत्रा, तोही सरकारी यादीतल्या छोट्या जातीचा. लॅब्रडॉर पाळायचा तर खाजगी घर घ्या, आणि इथे खाजगी घराचा भाव विचारू नका. मांजरं तर सप्टेंबर २०२४ पर्यंत एचडीबीत पाळताच यायची नाहीत. लोक पाळायचेच, शेजारी कानाडोळा करायचे. आता दोन चालतात, परवाना आणि चिप लावून.

पण एक कबूल करतो, नियम जाचक असले तरी सगळ्यांना सारखे आणि लिहिलेले आहेत. दर वर्षी कमिटी बदलली म्हणून बदलत नाहीत. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत चेअरमनचं कुत्रं आलं त्या वर्षी नियम सैल झाले.

हडसनकाठ

न्यूजर्सीत आहे, पण न्यूयॉर्कचं उदाहरण सेक्रेटरींच्या बाजूने देतो. सेंट्रल पार्कात दिवसभर पट्टा सक्तीचा. पण सकाळी सहा ते नऊ आणि रात्री नऊ ते एक, ठरलेल्या भागांत कुत्री मोकळी सोडता येतात. त्या वेळी तिथे गेलं की कळतं हा नियम का चालतो : मोकळं सोडायचं म्हणून लोक घड्याळ बघून येतात, आणि नऊ वाजले की एकमेकांनाच आठवण करतात, चला, पट्टे लावा. पोलिसाची गरज कमी पडते. ज्याला कुत्र्यांची भीती आहे तो नऊनंतर फिरतो.

आठ आणि साडेनऊ या वेळा तुम्ही तिथूनच उचलल्यात का?

नाइलाजाने सेक्रेटरी

नाही हो. आठला शाळेची बस येते आणि साडेनऊला आमच्या ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा उठतो. एवढाच अभ्यास.

भाडेकरू नं. १

सगळी चर्चा मालक सभासदांची चाललीय. मला फ्लॅट देणाऱ्याची कुत्र्याला हरकत नव्हती, करारात तसं लिहिलंय. तरी कमिटीने ‘ना हरकत’ अडवून धरली. कारण काय, तर ‘भाडेकरूचं कुत्रं’. वरच्या मजल्यावर सभासदाचे दोन बीगल आहेत, दिवसभर एकटे असतात, एक रडायला लागला की दुसरा सूर लावतो. त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. सभेत मला मत नाही, बसायला खुर्चीही नाही. नियम लिहाल तेव्हा ‘सभासद’ नका लिहू, ‘राहणारे’ लिहा.

नाइलाजाने सेक्रेटरी

घेतलं. खरंच सुटलं असतं हे.

खराटा

मी फारसा लिहीत नाही, आज लिहितो. आमची मावशी हाउसकीपिंगमध्ये आहे, तुमच्यासारख्याच एका मोठ्या सोसायटीत. तुमच्या मसुद्यात ‘ज्याची त्याने उचलायची’ आहे. छान आहे. पण तिथेही तसाच नियम आहे. प्रत्यक्षात काय होतं? कुत्र्याला फिरवायला मालक येतच नाही, पगारी पोरगा येतो. एका हातात तीन पट्टे, दुसऱ्या हातात मोबाइल. पिशवी त्याच्याकडे नसते, त्याला कोणी दिलेलीच नसते. तो पायाने थोडी माती सरकवतो आणि जातो. साडेसातला मावशी खराटा घेऊन येते. मग पेव्हरच्या फटीतून ते काडीने काढायचं, हातमोजे दिवाळीला एकदा मिळतात. तक्रार कोणाची करणार? पोराची केली तर त्याचं काम जातं, सभासदाची केली तर तिचं.

पाळणारे विरुद्ध न पाळणारे असं भांडण तुम्ही करताय. घाण काढणारी तिसरीच आहे, आणि तिला ग्रुपवर घेतलेलं नाही.

जास्वंद

खराटा, शंभर टक्के.

शेपटीचे डॉक्टर

सहमत. यावर एक करता येईल : फिरवणारा पगारी असला तरी जबाबदारी मालकाचीच, हे स्पष्ट लिहा. आणि एका माणसाने एका वेळी दोनपेक्षा जास्त कुत्री सामायिक जागेत आणायची नाहीत. तीन कुत्री तीन दिशांना ओढत असताना धडधाकट माणूसही वाकून शी उचलू शकत नाही, मी करून बघितलंय.

काळा कोट

दंडाचं मात्र जपून लिहा. मंडळाच्या त्या सूचनांप्रमाणे शी उचलण्यावरून सोसायटीला स्वतःच्या मनाने दंड लावता येत नाही, विनंती करता येते. रस्त्यावर महापालिकेचा दंड असतो, मुंबईत २००६ च्या स्वच्छता उपविधींत तो ५०० रुपये ठेवला होता. तुमच्या आवारात दंडाची पावती फाडली की पुन्हा वकिलाची नोटीस येईल. नाव नोटीस बोर्डावर लावणं त्याहून वाईट. त्यापेक्षा मोकळ्या जागेचा हक्क नोंदणीला जोडा. जो उचलत नाही त्याला महिनाभर त्या जाळीची किल्ली नाही. सोय दिली की काढूनही घेता येते, नुसती बंदी असली की काढून घ्यायला हातात काही उरत नाही.

नाक्यावरचा

हा मुद्दा पटला, बाकी विरोध कायम. आणि किल्लीसाठी महिन्याला काही रक्कम घ्या. जाळीचा खर्च मी का सोसू?

गोदाकाठची मैना

जाळीचा खर्च आम्ही कुत्रेवाले काढतो वर्गणी. मंजूर?

नाक्यावरचा

लेखी द्या.

आगाऊ कार्टा

मांजरांना पट्टा आहे का मसुद्यात? आमच्याकडची तीन विंगांमध्ये जेवते. आणि कबुतरांचं काय? दादरचा कबुतरखाना बंद झाल्यापासून सगळी आमच्या डक्टमध्ये आलीत.

प्रशासक

कबुतरांसाठी वेगळा धागा आहे, तिथे जावे. इथे आल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

नाइलाजाने सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. मसुदा बदललाय. पट्टा चार ते सहा फूट, लिफ्टपाशी मुठीत. ‘इजा’ या शब्दाखाली अंगावर उडी, धडक, पाडणं हे सगळं. ‘सभासद’ काढून ‘राहणारे’. एका हाती दोनच कुत्री. पगारी फिरवणाऱ्याची जबाबदारी मालकावर. दंड नाही, किल्ली आहे. जाळी वर्गणीतून, मैनाताई आमच्या सोसायटीत नसल्या तरी आयडिया त्यांची. हाउसकीपिंगला हातमोजे दरमहा, तेही सोसायटीच्या खर्चाने. यावर नाक्यावरच्या साहेबांनी कृपया हरकत घेऊ नये.

नवव्या मजल्यावरच्या काकांना काल दाखवला. म्हणाले, जाळीत मोकळं सोडण्याएवढं आता तिचं वय नाही, पण मुलांना तिच्याशी ओळख करून घ्यायला तिथे येऊ द्याल का? मला हे सुचलंच नव्हतं. घाबरणाऱ्या मुलांनी रविवारी जाळीबाहेर उभं राहून बघावं, आईबापांनी सोबत थांबावं, अशी एक वेळ ठेवायचा विचार आहे. डॉक्टर, हे बरोबर आहे का?

आणि एक अडलंय. शीच्या पिशव्या टाकायला झाकणाचा डबा कुठे ठेवायचा?

शेपटीचे डॉक्टर

बरोबर आहे. फक्त जाळीतून बोटं आत घालू देऊ नका, आणि कुत्रं खात असताना नको. डबा सावलीत ठेवा, रोज रिकामा होईल असा.

बी विंग तळमजला

नमस्कार. मी याच सोसायटीत राहतो, धागा आत्ताच कोणीतरी पाठवला. सावली फक्त आमच्या खिडकीखाली आहे. तिथे डबा येणार असेल तर मी आजच लेखी हरकत देतो.

नाइलाजाने सेक्रेटरी

अहो, अजून काहीच ठरलेलं नाही. सभेला या.

बी विंग तळमजला

येणारच. आणि डी विंगच्या मागे दुपारनंतर सावली असते, मी बघून आलोय. फोटो ग्रुपवर टाकलेत.